नानांचा बुधवार

सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की नाना चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "आज बुधवार ना?"

वार कुठलाही असो, आपण "हो, नाना" म्हणायचं. अमळनेरला त्यांच्या छापखान्यात बसू देण्याची ती अटच होती. मी शाळेत मराठीचा मास्तर. शाळेआधी नि संध्याकाळी लग्नपत्रिकांची प्रुफं वाचायचो, मोबदल्यात चहा.

तुम्ही म्हणाल, म्हातारा चळला. छे. नानांनी अक्षरं जुळवायचे शिशाचे खिळे मोडीत काढून कॉम्प्युटर घेतला होता आणि पुण्याच्या एका कंपनीचा मराठी छपाईचा प्रोग्राम. कंपनी दर एप्रिलला फोनवर एक आकडा सांगायची. तो घातला की प्रोग्राम वर्षभर चालायचा. एका एप्रिलला, ऐन लग्नसराईत, पडद्यावर कुलूप आलं. नानांनी फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"जुन्या प्रोग्रामचे आकडे बंद केलेत. नवा घ्या."

"जुना चांगला चालतो की."

"चालत होता."

नानांनी फोन हळूच ठेवला. "मशीन माझ्या टेबलावर अन् कुलूप पुण्यात. घर विकून किल्ली आपल्याच खिशात ठेवतात का हो, मास्तर?"

सात लग्नांच्या पत्रिका अडलेल्या, खिळे तर केव्हाच वितळलेले. नाना बराच वेळ कॅलेंडरकडे बघत बसले. मग त्यांनी कॉम्प्युटरला तारीख दिली: एकतीस मार्च, बुधवार. कुलूप गायब! तेव्हापासून रोज सकाळी तीच तारीख.

घोळ एकच. प्रुफाच्या तळाशी प्रोग्राम स्वतःहून तारीख छापायचा. पुढच्या वर्षी शिंदखेड्याचे एक वधूपिता प्रूफ निरखत म्हणाले, "नाना, हाई तारीख ते मांगला सालनी शे. मनी पोरनं लगीन व्हई गयं का?"

"नही भाऊ," नाना शांतपणे म्हणाले, "आम्हीच मांगे राही गऊत."

नाना गेले ते एका सोमवारी. त्यांच्या उत्तरकार्याच्या, म्हणजे गंधमुक्तीच्या पत्रिकेचं प्रूफ वाचायला मी छापखान्यात गेलो. त्यांची लेक कॉम्प्युटरसमोर बसली होती. यंत्रानं तारीख विचारली, तशी तिची बोटं थांबली.

"काका, आज बुधवार ना?"

"हो."

प्रूफ हातात आलं. नानांचं नाव, वय, गंधमुक्तीची वेळ, सगळं बरोबर. तळाशी एकतीस मार्च. त्या दिवशी नाना धडधाकट होते, बशीत चहा ओतत होते.

मी तारखेवर खूण केली नाही. 'चूक नाही' असं लिहून सही केली.