पार्किंगमधली तुती

उमेळ्यातल्या आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या काकांकडे गाडी नाही. त्यांच्या पार्किंगमध्ये ड्रमातली तुती उभी असते. झाड कमरेएवढं, पण काकांचं ऐकाल तर तिच्या सावलीत अख्खं गाव झोपेल. आमची लिफ्ट चालताना पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. त्यामुळे काका तुतीसाठी पाण्याची बादली जिन्यानं उतरवतात आणि दर मजल्यावर म्हणतात, "दमलो रे बाबा."

एकदा सेक्रेटरी वैतागला. "काका, ड्रम हलवा. इथे माझी दुसरी गाडी लागेल."

काकांनी त्याच्या हातावर पिकलेली तुती ठेवली. "खा. माझ्या वाडीची विहीर या लादीखालीच बुजवलीय. जल्मभर तिनं पानी दिलं, आता मी आनून घालतो."

सेक्रेटरीने तुती तोंडात टाकली. काका रिकामी बादली घेऊन जिन्याला लागले.

"दमलो रे बाबा."