सुधारणेच्या मिटिंगीत आज मी काय लिहिलं

मंडळी, मी वारूळवाडीत घरी बसून सॉफ्टवेअर कंपनीचं काम करतो. कामाचे नियम कसे सुधारायचे, यावर दर पंधरवड्याला आमच्या टीमची ऑनलाइन मिटिंग असते. प्रत्येकानं स्क्रीनवर एक चिठ्ठी लिहायची.

वर्षभर माझी एकच चिठ्ठी: "ठरलेल्या कामात मधेच नवं काम घुसवू नका." साहेब म्हणतात, "छान मुद्दा!" आणि दुसऱ्याच दिवशी नवं काम घुसवतात.

आज तेच वाक्य मोठ्यानं म्हणत लिहीत होतो, तर शेजारी शेंगा निवडणारी आई म्हणाली, "आमच्या पाण्याच्या पाळीत कुणी मधीच दारं धरून पाणी आपल्या रानात वळवलं, तर आमी खोरं घिऊन उभं ऱ्हातो. तुमी नुसतं लिवताय व्हय?"

माझ्याकडं कुठलं खोरं? जुनं वाक्य खोडलं. चिठ्ठीत लिहिलं, "सगळं छान चाललंय."

साहेब लई खूश. "बघा, टीम सुधारली!"

तुमच्याकडं नियम सुधारले राव, का तुम्हीच?