निळी पाचर

७ ऑगस्ट १९७८, श्रावणातला पहिला सोमवार. काम: जीपचा मागचा डावा पाटा, म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग, खोलून बघणे आणि दिवस मावळायच्या आत गाडी रस्त्याला लावणे.

घाईचं कारण आमच्या शेतातल्या आखाड्यावर, राखणीच्या खोपटात, पडून होतं. आमच्याकडे खुरपायला येणारी बाई, दोन्ही हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजलेली. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाल्यापासून मराठवाड्यात बौद्धांच्या वस्त्या जळत होत्या. रविवारी दुपारी शेजारच्या गावची जळाली. ही तिथली. कापसातून सरपटत आमच्या आखाड्यापर्यंत आली होती. संध्याकाळी मी तिला पाहिलं तेव्हा प्लास्टिकच्या बांगड्या वितळून तिच्या मनगटाच्या कातडीत बसल्या होत्या. मी पाणी ओतलं, धुतलेलं पातळ गुंडाळलं आणि घरी कोणाला सांगितलं नाही. एसटी चार दिवस बंद होती. परभणीचा सरकारी दवाखाना दहा कोसांवर. हात सडायला लागले तर ती वाचणार नव्हती.

जीप जुनी, येलदरीच्या धरणाच्या कामावरची, लिलावात घेतलेली, चारही चाकांना ओढ असलेली. माझे वडील त्याच कामावर चालक होते. लग्नाआधीच त्यांनी मला गाडी चालवायला आणि खोलायला शिकवलं होतं. माझा नवरा शिक्षक, तो दुसऱ्या तालुक्यात अडकला होता. घरात गाडी चालवणारे आम्ही दोघंच, मी आणि माझा धाकटा दीर. रविवारी खताची पोती आणायला म्हणून त्याने जीप ताडकळसला नेली होती. पोती मिळाली नाहीत म्हणाला.

आणल्यापासून गाडी खड्ड्यात दणका देत होती. खळ्याच्या सपाट जागेवर उभी केली आणि मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत वितीने मोजलं. चालक उजवीकडे बसतो, म्हणून जुनी जीप उजवीकडे थोडी दबलेलीच असते, पण आमची डावीकडे चार बोटं वर होती. टायरची हवा सारखी. मागे उभी राहून वजन टाकलं. उजवी बाजू खाली जाऊन वर आली, डावी हललीसुद्धा नाही. पाटा थकला तर गाडी खाली बसते. वर राहून ताठ उभी असेल तर तिला कोणीतरी टेकू दिलेला असतो.

जॅक लावला. वडिलांचा नियम होता, जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरायचं नाही. म्हणून चेसीखाली बाभळीचा ओंडका उभा केला आणि चाक काढून आत शिरले. एकावर एक बसवलेल्या पट्ट्यांतला दुसऱ्या नंबरचा पाटा मधोमध तुटला होता. आक्सल आणि चेसीच्या मध्ये लाकडाची पाचर ठोकून तारेने आवळली होती. आमच्याकडे सगळे हाच उद्योग करतात. पाटा तुटला की पाचर ठोकायची आणि गाडी नीट झाली म्हणायचं. मग दणका चेसीला बसतो आणि तीही तडकते.

तार तोडली तशी पाचर माझ्या छातीवर पडली. एका टोकाला जळून कोळसा झालेली, बाकी निळी. तेलरंगाचा निळा, त्यावर बिजागरीच्या स्क्रूची दोन भोकं. तो दाराच्या चौकटीचा तुकडा होता. ते दार मला माहीत होतं. खुरपणीला तिला हाक मारायला मी कितीदा त्याच्यासमोर उभी राहिले होते, आत कधी गेले नव्हते.

दीर आला तेव्हा मी अजून गाडीखालीच होते. मला त्याच्या चपला तेवढ्या दिसत होत्या.

"वैनी, गाडी नीट हाय की. उगं खोलत बसू नगा."

"पाचर कुणी ठोकली?"

"आमीच. पाटा तुटला ना. अठरा जन बसल्यावर तुटंल न्हाई तर काय?"

"खताची पोती कधीपासून माणसांसारखी बसायला लागली, भाऊजी?"

तो हसला. "नाव बदला म्हनायलेत ना? आमी म्हनलं, आधी तुमी घरं बदला. तसा धूर म्या जल्मात बघितला न्हवता. लावा ती पाचर वापस. उद्या सकाळी निघायचंय. अजून दोन गावं हायेत."

"उद्या गाडी मला पाहिजे."

"तुला?" आतापर्यंत तो मला तुमी म्हणत होता. "लय शहाणी झालीस. तुझ्या बापाची हाय का गाडी?"

"बापानं शिकवलीय. पाचर लागणार नाही आणि तुझी गावंही होणार नाहीत."

त्याने जॅकला लाथ मारली. जॅक निसटला, गाडी चार बोटं खाली आली आणि ओंडक्यावर धाडकन बसली. पाट्याची कडी माझ्या खांद्यावर आदळली, कातडं सोलून निघालं. ओंडका नसता तर छाती चेपली असती. तो हे जाणून होता की नव्हता, हे मी त्याला आजतागायत विचारलेलं नाही.

हाताशी टॉमी होती, जॅक फिरवायचा लोखंडी दांडा. पडल्या पडल्याच मी ती त्याच्या नडगीवर मारली. तो कोसळला. मी बाहेर आले. दुसऱ्यांदा मारायची गरज नव्हती, तरी मारली, उजव्या मनगटावर, स्टिअरिंग फिरवतो त्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज आला.

सासूबाई धावत आल्या. लेकाला उठवत म्हणाल्या, "तू बाई हायेस का कसाई?"

"हळद लावा आणि बांधा," मी म्हणाले. "मला काम आहे."

जुन्या संचातला एक पाटा कोठीत पडून होता. तो घासून बसवला, मधला बोल्ट आवळला, चाक चढवलं. पुन्हा मोजलं. डावी बाजू एक बोट वर, म्हणजे ठीक. दिराचे मित्र गाडी ढकलून सुरू करतील म्हणून डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढून कमरेला खोचला. त्याच्याशिवाय इंजिन सुरू होत नाही.

मंगळवारी उजाडताच गाडी आखाड्याला लावली. ती बाई दारात आली आणि मागच्या डाव्या चाकाकडे बघत राहिली.

"नीट केली व्हय?"

मी सीटवर गोधडी अंथरली.

"मला ठाऊक व्हतं, बाई. हीच गाडी आली व्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुमी मला आखाड्यात ठिवलं असतं का?"

मी दंडाला धरून तिला वर चढवलं. सीटखाली ठेवलेली पाचर तिला दिसली.

"माझ्या दारची हाय ती. मांडीवर ठिवा."

ठेवली. परभणीपर्यंत ती पाचर सांभाळत बसली, हात न लावता, गुडघे जुळवून.

दवाखान्यात तिला आत घेतलं. पाचर घेऊन जाऊ का, मी विचारलं. ती म्हणाली, "न्या, पर वापस आना." तिथून मी सरळ ठाण्यात गेले. तुटलेला पाटा आणि पाचर टेबलावर ठेवली. गाडीचा नंबर सांगितला. गाडी आमची, चालवणारा माझा दीर, त्याचं मनगट मी मोडलं, तेही लिहून घ्या म्हणाले. अंमलदाराने सगळं लिहिलं आणि जा म्हणाला. मी म्हणाले, लाकूड त्या बाईचं आहे, तिला परत द्यायचंय, त्याची पावती द्या. असल्या लाकडाची पावती नसते, तो म्हणाला. मी बाकावर बसले आणि दुपारी पावती हातात पडल्यावरच उठले.