कांताबाईंच्या दंडावरची चकती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, जिच्याजवळ मन मोकळं करायचो त्या थोरल्या बहिणीलाही नाही. आज सांगणार आहे. मध्येच अडखळेन कदाचित — पण मागे फिरणार नाही.

आणीबाणी उठली त्या सालचा उन्हाळा. फार्मसी शिकून मी हिंगोलीतल्या एका दवाखान्यात औषधं द्यायला बसलो होतो. मिश्रणं ढवळायची, पुड्या बांधायच्या. डोक्यात मात्र वेगळंच खदखदत होतं. एका मासिकात वाचलं होतं, की परदेशात अंगावर चिकटवायचं औषध करायची खटपट चालली आहे — कातडीतून हळूहळू, बेतल्या मापानं रक्तात उतरणारं. वाटलं, ते करतात तर आपण काहून नाही?

कांताबाई पुसेगावच्या शाळेत शिकवायच्या. आमच्या शेजारच्या बौद्ध वस्तीतली नोकरीला लागलेली पहिली मुलगी. राहायच्या हिंगोलीत, भावाकडे. रोज एसटीनं जाणं-येणं. आणि त्यांना गाडी लागायची. वाटेतलं नरसी गाव यायच्या आत उलटी. गोळी घेतली तर तीही उलटीबरोबर बाहेर. शाळेत पोचेपर्यंत अंगात त्राण नसायचं. पोटात औषध टिकत नाही, मग कातडीतून दिलं तर? — मला हवा तसा रोगी सापडला होता. हो, तेव्हा मी त्यांच्याकडे तसंच पाहिलं.

बेलाडोना नावाचं झाड आहे, धोत्र्याच्या गोतातलं. त्याचा अर्क थोडा दिला तर मळमळ थांबते. जास्त झाला तर माणूस बरळायला लागतो. पत्रा कापून मी बटणाएवढी उथळ वाटी केली. तिच्यात मलमात खललेला अर्क, तोंडावर सेलोफेनचा पडदा, कडेला सायकलच्या ट्यूबची कडी, वरून चिकटपट्टी. सगळी करामत त्या पडद्यात. जाड झाला तर औषध उतरत नाही, पातळ झाला तर आवरत नाही. किती पडदे फाडून फेकले! त्या कामात मला आनंद होता, तो नाकारत नाही.

एक चकती स्वतःच्या दंडावर लावून पाहिली. दुपारपर्यंत घशाला कोरड पडली, अक्षरं पुसट दिसायला लागली. घाबरून उपटून टाकली. मग पडदा बदलला. बदललेली चकती परत आधी स्वतःला लावायला नको होती? लावली नाही. काहून? — भ्यालो, एवढंच. आणि बाईंना सांगितलं, "मी आठवडाभर लावून फिरलो. काही होत नाही."

सुरुवातीला खरंच काही झालं नाही. उलट, एका संध्याकाळी बाई दवाखान्याच्या खिडकीशी हसत आल्या. "भाऊ, आज मी सगळ्या वाटेनं शेतं बघत गेले!" मी हवेत तरंगत होतो. कॉलेजातल्या सरांना काय काय सांगायचं, त्याची मनातल्या मनात जुळवाजुळव करत होतो.

मग ऊन वाढलं. नवी चकती घ्यायला बाई आल्या तेव्हा त्यांचा दंड घामोळ्यानं लाल झाला होता, खाजवून सोलपटला होता. मला दिसलं. धड कातडीवर बेतलेलं माप सोललेल्या कातडीवर चालत नाही — हे मला कळत नव्हतं? कळत होतं. पण चार दिवस थांबा म्हणावं, तर माझा प्रयोग थांबत होता. मी चकती त्यांच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या गुरुजींनी त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात आणलं. तोंड लालबुंद, डोळ्यांच्या बाहुल्या पसरलेल्या. हवेतलं काहीतरी चिमटीनं वेचत होत्या. भावाला ओळखेनात. वर्गात म्हणे त्यांनी भिंतीवरच लिहायला घेतलं, पोरांना भलत्याच नावांनी हाका मारल्या, मग ओरडायला लागल्या. पोरं भेदरून पळाली.

खाटेवर घेताना मी पुढे झालो, पोलक्याच्या बाहीखाली हात घातला आणि चकती ओढून काढली. खिशात टाकली. कुणाला दिसलं नाही.

डॉक्टरांनी डोळे तपासले. "धोत्रा-बित्रा पोटात गेलाय का?" त्यांचा भाऊ रडत म्हणाला, "न्हाई साहेब, घरून भाकरी खाऊन गेली." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काही दिलं होतं?"

"नाही," मी म्हणालो.

बाई शुद्धीवर आल्या, पण गावानं तोवर ठरवून टाकलं होतं — बाईला वेड लागलंय. ठरलेलं लग्न मोडलं. शाळेतल्या पोरांचे आईबाप म्हणाले, ही बाई आमच्या लेकरांसमोर नको. तरीही त्या परत जायला निघाल्या होत्या. त्याआधी माझ्याकडे आल्या — खरी गोष्ट ही आहे, इथवर यायलाच एवढा वेळ लागला.

"भाऊ, खरं सांगा. त्या चकतीनं तर न्हाई ना झालं?"

नोकरी जाईल, तुरुंग होईल — सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. "न्हाई हो बाई. तेवढ्याशा औषधानं काय होतंय?"

"मंग माझंच डोकं फिरलं म्हणायचं," म्हणाल्या, आणि गेल्या. रागावल्या नाहीत. माझ्यावर विश्वास ठेवला. त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःहून नोकरी सोडली.

भावाला लेकरू झालं तेव्हा त्यांनी ते मांडीवर घेतलं नाही. परत झटका आला तर, म्हणाल्या. विळीला हात लावत नाहीत. आजही. त्याच घरात, मागच्या खोलीत असतात. पुढे परदेशात तसल्या पट्ट्या निघाल्याचं वाचलं, तेव्हा मला आधी हेवा वाटला. बाई आठवल्या नंतर. हेही लिहून ठेवतो.

उद्या सकाळी मी त्या घरी जाणार आहे. भाऊ, भावजय, मोठी झालेली पोरं — सगळ्यांना समोर बसवून बोलणार आहे. आत घेतलं नाही तर दारातून बोलेन, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. वाक्य ठरलं आहे: बाई, तुमचं डोकं कधीच फिरलं नव्हतं. ते औषध माझं होतं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मला ते माहीत होतं.