गार्डाच्या डब्यात धूळ नको

टिकटिकरावांचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नसे. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला, तेव्हा असंच काहीतरी नाव पडणार. आणि घड्याळजीला शत्रू एकच. चोर नव्हे, उधार मागणारं गिऱ्हाईकही नव्हे. धूळ. एक कण आत गेला की चांगलं धावतं घड्याळ लंगडायला लागतं. म्हणून त्यांच्या दुकानात भर उन्हाळ्यात पंखा बंद असायचा, आणि गिऱ्हाईकाला शिंक आली तर, "बाहेर जाऊन शिंका आणि मग या," असं तोंडावर सांगायचे. माणसं हसायची, पण बाहेर जायची.

पुढे लोक फोनवर वेळ बघायला लागले. दुकान मिटलं. दुकानातलं टेबल घरी आलं आणि पुढच्या खोलीत, घरातल्या एकुलत्या एक उजेडाच्या खिडकीखाली बसलं. टेबल बसलं, मालक काही बसेना. हाताला चाळा, पायाला भिंगरी. रेडिओ उघड, मिक्सर उघड, इस्त्री उघड. उघडलेलं बंद करायच्या आत दुसऱ्याकडे मन धावायचं. घरातली प्रत्येक वस्तू पोट उघडं टाकून पडलेली.

"रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," बायको म्हणायची. "अहो, निदान माझी इस्त्री तरी शिवा पुन्हा. अंगावर चुरगळलेलं घालून हिंडतेय मी."

"लावतो गं. एक स्क्रू सापडत नाहीये."

"सापडेल. भाजीत सापडला होता मागचा."

अशात लेकीचा फोन आला. तिची बदली होऊन ती आता याच गावात, आईबापांपाशी राहायला येणार होती. कॉम्प्युटरवर बसून करायचं तिचं काम. तिला टेबल लागणार, आणि टेबलाला खिडकी. खिडकी घरात एकच. टिकटिकराव ऐकत होते तसा त्यांचा हात नकळत आपल्या टेबलाच्या कडेवरून फिरत होता. त्या कडेला चिमट्याच्या घासण्यानं पडलेली खाच होती, अंगठा बरोबर तिच्यात बसायचा. टेबल गेलं तर हा अंगठा ठेवायचा कुठे?

बायकोनं फोन ठेवला आणि पदर खोचला. "हे बघा, मी काही राक्षसीण नाही. एक तरी वस्तू झाकण लावून, चालू करून दाखवा. लेक घरात येईल तेव्हा चाललेली दिसली पाहिजे. मग टेबलाचं बघू. नाहीतर भंगारवाला गल्लीत रोज ओरडतोच आहे."

झालं. त्या दिवसापासून टिकटिकरावांच्या अंगात मुंग्या शिरल्या.

वस्तू तर लेकीनंच आधी पाठवलेली होती. तळव्यावर मावेल एवढी हिरवी पट्टी, तिच्यावर काळे चौकोनी ठिपके. हाच म्हणे अख्खा कॉम्प्युटर. एक वायर टीव्हीला लावायची, बटणांची पाटी जोडायची की काम झालं. सोबत प्लास्टिकची डबी होती, वरून खालून चिरा पाडलेली. टिकटिकरावांनी ती डबी उजेडात धरली आणि नाक मुरडलं. "हे झाकण आहे की चाळणी? कंजूष मेले. एवढं नाजूक काम, आणि अंगावर फाटकं बनियन!"

यंत्राला घर हवं, आणि घर यंत्राला शोभेलसं हवं, हे त्यांच्या रक्तातलं. शोधता शोधता माळ्यावरची आगगाडी हाताला लागली. लेक लहान असताना त्यांनीच लाकडात कोरलेली. शेवटचा गार्डाचा डबा हातभर लांब, दोन्ही बाजूंना खिडक्या, मागे लाल दिवा. डब्याचं छत उचललं तर आत कोपऱ्यात चवळीचा दाणा. लेक तेव्हा चवळीचे दाणे प्रवासी म्हणून बसवायची आणि आई भाजीला चवळी शोधत बसायची.

"अजून उतरला नाही हा," टिकटिकराव दाण्याला म्हणाले. "बस. तू गार्ड."

मग काय, डबा सजायला लागला. जुन्या घड्याळांच्या पेट्यांमधली निळी मखमल आतून चिकटवली. प्रत्येक खिडकीला मनगटी घड्याळाची काच, घासून घासून बसवलेली. मागच्या लाल दिव्याला बारीक वायर जोडली, म्हणजे कॉम्प्युटर चालू की दिवा चालू. आणि छताच्या कडेनं रबराची गोट, पाण्यात चालणाऱ्या घड्याळाला घालतात तशी. धुळीच्या बापाची बिशाद नव्हती आत शिरायची.

समोरचा शिंपी गळ्यात टेप अडकवून बघायला आला. "आगगाडीत कॉम्प्युटर? मग टीसी आला की काय दाखवणार?"

"तुझं तोंड दाखवीन. हसून हसून डबा सोडेल तो."

कळ दाबली. मागचा दिवा लाल झाला, टीव्हीवर चित्र आलं. शिंप्यानं टाळी वाजवली, बायको हात पुसत बाहेर आली, टिकटिकरावांची छाती फुगली. बायको चहा ठेवायला वळली. चहा गाळून होतोय तोच पडदा काळा. दिवा विझला.

"पोचली वाटतं गाडी," शिंपी म्हणाला आणि हळूच सटकला.

टिकटिकरावांना खात्री होती: कण. कुठूनतरी एखादा कण आत गेलाय. त्यांनी डबा उघडला, कुंचल्यानं झाडला, भिंगातून न्याहाळला. उघडा असताना पट्टी कशी सुतासारखी सरळ चालायची. म्हणजे पट्टी ठीक, दोष बंद करण्यात. कुठेतरी फट राहतेय! त्यांनी रबराची गोट दुहेरी केली. खिडक्यांच्या कडांना मेण भरलं. वायर जिथून आत जाते तिथेही मेण. आता गाडी आणखी लवकर थांबायला लागली. त्यांनी आणखी मेण भरलं.

जेवताना उठायचे, कळ दाबून यायचे. आंघोळीला निघायचे, अर्ध्या वाटेतून टॉवेलसकट परत. मोलकरणीला केर काढू देईनात, बायकोला चादर झटकू देईनात. दोनदा शिंप्याच्या दारात जाऊन उभे राहिले आणि काय विचारायचं ते विसरून परत आले.

"अहो, लेकीला विचारा ना फोन करून. तिचंच तर काम."

"विचारू? म्हणजे म्हातारा एक डबा बंद करू शकत नाही हे तिला आधीच कळू दे? मग टेबलाची जागा मोजायला टेप घेऊनच येईल ती."

ती आली ती टेप घेऊनच. दुपारची वेळ, बॅग दारात टाकली, आईच्या गळ्यात पडली, बाबांच्या पाठीवर थाप मारली आणि लगेच खिडकीपाशी. "बाबा, तुमचं टेबल हललं की इथं माझं नीट बसेल बघा." टेपची पिवळी जीभ सळकन बाहेर आली.

टिकटिकराव मधे उभे राहिले. "थांब बबडे. आधी हे बघ."

कळ दाबली. लाल दिवा लागला. लेक टेप हातात धरून तशीच खाली बसली. "अगं बाई, माझी गाडी! आई, हा माझा गार्डाचा डबा!" तिनं काचांवरून बोट फिरवलं, आतली मखमल बघितली. बाबांच्या चेहऱ्यावर हसू येतंय न येतंय. ते दिव्याकडेच बघत होते. मनातल्या मनात विनवत होते, बाबा रे, एवढा वेळ तरी चाल.

पडदा काळा झाला.

टिकटिकरावांनी मेणाची डबी उचलली. "फट आहे कुठेतरी. आत्ता बुजवतो. आत्ता."

बायकोनं तेवढ्यात डब्यावर हात ठेवला, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. आणि चटकन काढला. "अहो! याला ताप भरलाय!"

लेकीनं हात लावून बघितला आणि कपाळ बडवलं. "बाबा, डबीला चिरा कशासाठी होत्या? हे काम करताना तापतं. याला वारा लागतो. तुम्ही तर याला मखमलीच्या गोधडीत घालून दारंखिडक्या लावून घेतल्यात. गुदमरतोय बिचारा."

"वाऱ्याबरोबर धूळ येते," टिकटिकराव म्हणाले.

"येऊ दे."

"येऊ दे?" जन्मात हे वाक्य त्यांच्या टेबलापाशी कुणी बोललं नव्हतं. ते खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. मग चिमटा घेतला. एकेक काच काढताना स्वतःचाच दात काढत असल्यासारखं तोंड करत होते. मेण खरवडलं, रबर सोडवलं, छत उचललं. मखमल सोलून काढली तसा चवळीचा दाणा घरंगळत बाहेर आला.

लेकीनं तो तळहातावर घेतला. "हा अजून आहे?" आणि बोटाला चटका लागल्यासारखं करून म्हणाली, "आई, गार्ड भाजून निघाला बघ!"

छत लावलं, कळ दाबली. बायकोनं चहा केला. गाळला. सगळे प्यायले. कप विसळून पालथे घातले तरी दिवा लालच. टिकटिकरावांनी दिव्यावरची नजर काढून हळूच टेपकडे नेली.

"चालतोय खरा," लेक म्हणाली. "पण आत धूळ बसणार हं. मधूनमधून उघडून झाडायला लागेल. नाजूक काम आहे, कुणी करायचं?"

"आणि कुठे?" टिकटिकराव म्हणाले. आवाज उगाच मोठा आला.

दोघांनी आईकडे बघितलं. ती इस्त्रीच्या उघड्या पोटाकडे बघत होती.

"कुठे म्हणजे? माझ्या मांडीवर? मी बोलले होते, चाललेलं दाखवा. चाललंय. टेबल राहील." तिनं लेकीच्या हातातला टेप ओढला. "खिडकी काय कुणाच्या नावावर नाही. अर्धा उजेड तुझा, अर्धा यांचा. धर ते टोक. आणि तुमच्या अर्ध्यात आज माझी इस्त्री शिवली जाईल, ऐकताय ना?"

ते ऐकत नव्हते. अंगठा खाचेत घालून डब्याच्या रिकाम्या खिडक्यांतून आत डोकावत होते, आणि दुसऱ्या हातात कुंचला होता.

"अहो, ती धूळ आधी बसू तर द्या!"

"बरं," म्हणाले आणि बसले. क्षणभर. मग उठले.