उलट्या तबकडीतला आवाज

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शिवणवाल्या मावशींचा नवरा गेला, तेव्हा त्या रडल्या नाहीत. थोड्याच दिवसांत मशीनवर बसल्या आणि गिऱ्हाइकाचे राहिलेले पडदे शिवून दिले. "आई, एकदा मोकळी हो," मुलगी म्हणायची. मोकळं व्हायला आत काहीतरी भरलेलं हवं ना! मावशींना खुपत होतं ते वेगळंच. ह्यांचा आवाज आठवेना. चेहरा, खोकला, चपलांची फरफट, सगळं जागच्या जागी होतं. बोलणं तेवढं पुसलं गेलं होतं.

हे एका रेकॉर्डिंग स्टुडिओत रखवालदार होते. तरुणपणी तिथे झिंज्यावाल्या पोरांचा एक रॉक बँड आपली पहिलीवहिली तबकडी करायला आला होता. गिटारी अशा वाजवायचे, की भिंतींना भोवळ यावी. एका संध्याकाळी ह्यांनी दारातून त्यांना हटकलं, ते नेमकं टेपवर आलं. कार्ट्यांनी ते उलटं फिरवून गाण्याच्या शेवटी चिकटवलं. ही हकीकत ह्यांनी जन्मभर पाहुण्यांना ऐकवली. काय बोललो होतो, ते मात्र दर वेळी निराळं सांगत.

जावयाने जुन्या बाजारातून ती तबकडी शोधून आणली आणि रेकॉर्ड प्लेअरवर लावली. गाणं संपलं, आणि चूळ भरता भरता कोणी बोलावं तसं काहीतरी गुळगुळलं. मावशींनी विचारलं, "उलट फिरवता नाही का येत?"

"हाताने येईल, आई. पण सुई खराब होईल."

"होऊ दे. मी आयुष्यभर सुयाच मोडल्यात."

त्याने बोटाने तबकडी मागे फिरवली. वेग वाढला की शाळकरी पोर किरकिरे, उतरला की रेडा हंबरे. मुलगी तोंड दाबून हसली. यातला बाबांचा कुठला, हे तिलाही सांगता येईना.

मावशींनी जावयाला बाजूला सरकवलं. मशीनचं चाक हाताने फिरवतात, तशी एका लयीत तबकडी मागे घेतली. दोनदा मान हलवली, वेग किंचित उतरवला, तसे तबकडीतून शब्द सुटे झाले.

"पोरांनो, दिवे बंद करा. घरी बायको वाट बघतेय."

"हाच," मावशी म्हणाल्या.

मुलगी रडू लागली. आत काही हलतंय का, याची मावशी वाट पाहत राहिल्या. काही हललं नाही. विसरलेला आवाज बोटाला बरोबर कसा सापडला, एवढंच नवल वाटलं. मग त्या उठल्या. बाहेरच्या खोलीत दिवसाढवळ्या दिवा जळत होता. तो बंद केला आणि अर्धवट राहिलेला उशीचा अभ्रा शिवायला घेतला.