अण्णांच्या छातीवरचा सिक्सर

आमच्या टीमनं कप फारसे जिंकले नाहीत, पण किस्से इतके साठलेत की ठेवायला कपाट पुरायचं नाही! आठवडाभर आम्ही सगळे उद्यमबागेतल्या एकाच फौंड्रीत, आणि रविवारी एकाच मैदानावर. त्यातले निम्मे किस्से परशाअण्णांचे.

अण्णा येळ्ळूरचे. बॅट कधी धरली नाही, पण कॉमेंट्रीचा माईक दुसऱ्याला देत नाहीत. त्यांचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे आमचा ओपनर, निपाणीचा नेमू. तो मैदानात आला की अण्णा सुरू, "नेमिनाथ आलेत! फिल्डरनी च्या पिऊन यायला हरकत न्हाय!"

एकदा नेमू चिडला आणि त्यानं लेदर बॉल थेट कॉमेंट्रीच्या मंडपात हाणला. तो बसला अण्णांच्या छातीवर! अण्णा माईकमध्ये म्हणाले, "सिक्स! बॉल हुडकू नका, हितं माझ्याजवळ हाय," आणि खुर्चीतच कलंडले.

*

छातीवर ना जखम, ना वळ. पाणी मारल्यावर अण्णा उठून बसले. "मला कायबी झालं न्हाय!" पण छातीत धडधडत होतं, म्हणून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. ईसीजी, रक्त, इको झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "बाहेर काही दिसत नाही, पण आत हृदयालाच मुका मार बसलाय. ठोके कधीही बिघडू शकतात. मॉनिटरवर ठेवावं लागेल."

अण्णांच्या मंडळी, सुमनवहिनी, घरनं आंबेहळदीचा लेप उगाळूनच आल्या होत्या. "मग डॉक्टर, ह्यो आतनं कसा लावायचा?"

"विश्रांती हाच लेप. आणि त्यांचं तोंड बंद ठेवा."

"मग अवघड हाय," वहिनी म्हणाल्या.

*

आयसीयूत अण्णांना माईक नव्हता, पण मॉनिटर होता! आकडे बघून ते शेजारच्या पेशंटला ऐकवायचे, "नव्वदवर खेळायलाय... एक्क्याण्णव... शतक हुतंय बगा!"

"अण्णा, शतक झालं तर मला बोलणी बसतील!" सिस्टर ओरडली.

संध्याकाळी ठोके खरंच बिघडले. अलार्म वाजला, सगळे धावले. ठोके ताळ्यावर आले, पण अण्णा गप्पच. अलार्मपेक्षा आम्हाला त्या गप्प बसण्याची जास्त भीती वाटली. नेमू दाराबाहेर बसून रडत होता, "आता बॅटला हात लावत न्हाय."

सकाळी अण्णांनी त्याला आत बोलावलं आणि हळूच विचारलं, "खरं सांग रं, मिडल झालता का? बॅटच्या बरोब्बर मधी बसलता?"

"व्हय, अण्णा."

"मग रडतोस कशाला?"

*

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, काही आठवडे छातीला धक्का नको आणि आरडाओरडा नको. तरी गुंजीच्या टीमविरुद्धच्या फायनलला अण्णा हजर! माईक त्यांच्या हातात, पण स्पीकरचं बटण वहिनींच्या हातात. आवाज चढला की वहिनी बटण बंद करायच्या, त्यामुळं मैदानावर अर्धंच वाक्य पोचायचं.

नेमू आमच्या आग्रहाखातर खेळायला आला होता, पण बॉल नुसता अडवत होता. शेवटचा बॉल राहिला आणि आम्हाला तीन रन हवे होते. स्पीकरवर हळू आवाज आला, "मार की रं, नेमू."

नेमूनं मारला. बॉल उंच गेला, सरळ मंडपाकडं!

गुंजीचे फिल्डर कॅच सोडून अण्णांपुढं येऊन उभे राहिले. अंपायर पळाला. नेमूच्या जोडीला समोरच्या क्रीजवर मी होतो, मीही पॅडसकट पळालो. नेमू तर बॅट टाकून आला. वहिनीसुद्धा बटण सोडून पुढं झाल्या. बॉल मंडपाच्या अलीकडं, बाउंड्रीच्या आतच पडला आणि गवतात थांबला. त्याच्याकडं कुणी बघेना.

तेवढ्यात आमच्या पाठीमागनं स्पीकर फुल आवाजात गरजला, "अरं, रन काढा रं कुणीतरी! न्हायतर आऊट तरी करा!"